मेळाव्यात जे सांगायचे राहिले

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आता तीन आठवडे होतील. उत्तर लिहायला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा पान अर्ध्यावर टाकून उठलो, कारण ज्या माणसाला तू पत्र लिहिले आहेस तो माणूस मी नव्हे, असे लिहिता लिहिता सारखे जाणवत होते. आमच्या १९७६ च्या तुकडीच्या मेळाव्याला तू वडिलांबरोबर आला होतास आणि मागच्या रांगेत बसून आम्हा सगळ्यांची आत्मचरित्रे ऐकत होतास. प्रत्येकाला सात मिनिटे दिली होती. माझ्या सात मिनिटांत मी सांगितले ते असे: शाळा सुटल्यावर समुद्र निवडला, बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण घेतले, विसाव्या वर्षी जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून रुजू झालो, अठरा वर्षे समुद्रावर काढली, ते काम जगातूनच संपले तेव्हा नवे काम शिकलो, आणि आज पासष्टीतही जहाजांची रेडिओ यंत्रणा तपासायला बंदरात जातो. टाळ्या पडल्या. तुझे वडील शाळेत माझ्या शेजारी बसत आणि मी गृहपाठाबद्दल मास्तरांना सांगितलेल्या थापा तेव्हाही त्यांना अचूक ओळखू येत. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण ते गालातल्या गालात हसत होते, हे मी पाहिले.

तुझ्या पत्रात प्रश्न दोन आहेत. आज जे शिकायला घ्यावे ते शिकून होईपर्यंत शिळे झाले तर काय करायचे, हा पहिला; आणि ‘काका, तुम्ही न डगमगता दिशा कशी बदललीत’ हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात देता येते. मी चांगलाच डगमगलो होतो, आणि दिशा बदलण्याची पाळी माझ्यावर आली ती सात वर्षांची आगाऊ सूचना हातात असताना मी काहीही न केल्यामुळे. पहिल्याचे उत्तर द्यायचे तर मेळाव्यात गाळलेला मजकूर सांगावा लागेल, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

सुरुवातीपासूनच घेतो. मी समुद्र निवडला, हे वाक्य तू आधी खोडून टाक. मला स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला जायचे होते, त्याला गुण कमी पडले, आणि वर्षभर घरी बसून पुन्हा प्रयत्न करण्याची ऐपत नव्हती, म्हणून ज्या अभ्यासक्रमाला जागा शिल्लक होत्या तिथे नाव घातले. त्या दिवशी बोललेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मित्र आपापल्या कामाला असेच लागले, हे मला जवळून ठाऊक आहे. तरीही जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी ‘मी ठरवले’ हेच शब्द होते. ते खोटे बोलत होते, असे मला म्हणायचे नाही. चाळीस वर्षे एका कामात गेली की ते आपणच निवडले होते असे मनापासून वाटू लागते. मात्र अठरा वर्षांचा मुलगा ते ऐकतो तेव्हा त्याची अशी समजूत होते की, या सगळ्यांना माझ्या वयात सारे स्पष्ट दिसत होते आणि मलाच काय ते दिसत नाही. तुझ्या पत्रातल्या काळजीचा बराचसा भाग या समजुतीतून आलेला आहे, आणि त्या समजुतीला माझाही सात मिनिटांचा हातभार लागलेला आहे.

शिक्षणाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती पुढे तुझ्या कामी येईल. मोर्स लिपीचे, म्हणजे आखूड (डॉट) आणि लांब (डॅश) आवाजांतून अक्षरे सांगण्याच्या पद्धतीचे, नियम एका दुपारी पाठ होतात: डॅश डॉटच्या तिप्पट लांब, दोन अक्षरांमधली जागा तीन डॉटांची, दोन शब्दांमधली सात डॉटांची. प्रमाणपत्राच्या परीक्षेत मात्र साध्या भाषेतला मजकूर मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने आणि अर्थहीन अक्षरांचे सांकेतिक गट मिनिटाला १६ च्या वेगाने उतरवून घ्यावे लागत. मी बाराच्या आसपास जाऊन अडकलो आणि दोन महिने जागचा हललो नाही. रोज तासभर जास्त सराव केला, तरी वेग तोच. आमचे शिक्षक आयुष्यभर जहाजांवर काम केलेले गृहस्थ होते. एका सकाळी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘तू ऐकत नाहीस, मोजतो आहेस.’ खरेच होते. मी लिपी तक्त्यावरून डोळ्यांनी पाठ केली होती. आवाज आला की मी मनातल्या मनात टिंबे आणि रेघा मांडायचो, त्यांची बेरीज करायचो आणि मग अक्षर लिहायचो. बारा शब्दांपर्यंत ही हातचलाखी पुरते, त्यापुढे वेळच उरत नाही. त्यांनी माझी पेन्सिल काढून घेतली आणि दहा दिवस काहीही न लिहिता नुसते ऐकायला बसवले, तेही एकेक अक्षर सुटे पण पूर्ण वेगाने वाजवून, म्हणजे मोजायला सवडच मिळू नये. त्या दहा दिवसांत येत होते तेही गेल्यासारखे झाले. मग हळूहळू ‘क्यू’ हे अक्षर चार तुकड्यांत न येता एका सुरात कानावर येऊ लागले, आणि पुढच्या सहा आठवड्यांत वीस शब्द सहज जमू लागले. एखाद्या पायरीवर अडकलास आणि मेहनत वाढवूनही हलत नसलास, तर मेहनत आणखी वाढवण्याआधी तुझी रीत कोणा जाणत्याला पाहू दे. माझे ते दोन महिने सराव कमी पडला म्हणून गेले नव्हते.

जहाजावर आमच्या खलाशांनी रेडिओ ऑफिसरला ‘मार्कोनी साहेब’ म्हणण्याची पद्धत होती. साहेब वीस वर्षांचा, मिशी धड न फुटलेला, पण त्या खोलीत त्याच्याशिवाय कोणाला काही कळत नसल्यामुळे त्याचा मान मोठा. ज्या जहाजावर रेडिओ ऑफिसर एकच असे, तिथे दिवसात आठ तासांची ड्यूटी दोन-दोन तासांच्या तुकड्यांत वाटलेली असायची, आणि उरलेल्या वेळात ऑटो अलार्म नावाचे यंत्र कान लावून बसायचे. चार सेकंदांचा एक असे बारा डॅश, मध्ये एकेका सेकंदाची जागा, असा संकेत आला की ते घंटा वाजवून आम्हाला उठवायचे. विजांच्या गडगडाटातही ते कधी कधी फसायचे आणि रात्री दोन वाजता आम्ही विनाकारण धावत सुटायचो. हे यंत्र का आले, ते आम्हाला वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले होते. १९१२ साली टायटॅनिक बुडत होते तेव्हा कॅलिफोर्नियन नावाचे जहाज त्या भागात थांबलेले होते, पण त्यावरचा एकुलता एक तारायंत्री दिवसभराचे काम संपवून यंत्र बंद करून झोपला होता. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता, हे आमच्या शिक्षकांनी मुद्दाम दोनदा सांगितले.

आता मेळाव्यात न सांगितलेली मुख्य गोष्ट. रेडिओ रूममध्ये एक विशिष्ट घड्याळ असायचे. त्याच्या तबकडीवर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांचे पट्टे लाल रंगवलेले असत. जगातली सगळी जहाजे संकटाची हाक आणि एरवीची पहिली हाकही ५०० किलोहर्ट्झ या एकाच लहरीवर द्यायची, त्यामुळे तिथे अखंड कलकलाट असे आणि बॅटरीवर चालणारा, दूरवरचा दुबळा आवाज त्यात सहज बुडून गेला असता. म्हणून तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटे, सगळ्यांनी आपले प्रक्षेपण थांबवून फक्त ऐकायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. त्याला सायलेन्स पिरियड म्हणत. ड्यूटीवर असताना प्रत्येक सायलेन्स पिरियड पाळला आणि त्यात काय ऐकू आले, याची नोंद लॉगबुकात ग्रीनिच वेळेनुसार करायची आणि कॅप्टनने रोज त्यावर सही करायची. लॉगबुकात खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर तिच्यावरून एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला आपली आद्याक्षरे घालायची.

माझ्या तिसऱ्या जहाजावर, संध्याकाळच्या ड्यूटीत, मी शॉर्टवेव्हवर एका कोस्ट स्टेशनच्या, म्हणजे जहाजांचे संदेश घेणाऱ्या किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राच्या, रांगेत ताटकळत होतो. द्यायचे संदेश बरेच साचले होते आणि माझा नंबर जवळ आला होता. २१:४५ ला रांग सोडून ५०० वर यावे लागेल, मग नंबर जाईल, या विचाराने मी २१:२५ लाच लॉगमध्ये लिहून टाकले: २१:४५ ते २१:४८, सायलेन्स पिरियड पाळला, काहीही ऐकू आले नाही. महिनाभर मी अधूनमधून असे करत होतो, त्यामुळे हात अडखळलासुद्धा नाही. पाच मिनिटांनी कॅप्टन स्वतः एक संदेश घेऊन आले. कागद टेबलावर ठेवताना त्यांची नजर उघड्या लॉगबुकावर गेली, तिथून घड्याळाकडे, आणि पुन्हा लॉगबुकावर. ते म्हणाले, ‘मार्कोनी साहेब, आपले घड्याळ मागे पडले आहे का?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. ते जादा खुर्ची ओढून बसले. लाल पट्ट्यावर काटा यायला पंधरा मिनिटे होती. त्या पंधरा मिनिटांत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी शॉर्टवेव्हची रांग सोडली. २१:४५ ला मी ५०० चा आवाज स्पीकरवर टाकला. कलकलाट एकेक करत विरत गेला, कोणी एक उशिरा थांबणारा होता त्यालाही दुसऱ्या कोणी दोन अक्षरांत दटावले, आणि मग आम्ही दोघे तीन मिनिटे फक्त वातावरणातली खरखर ऐकत बसलो. २१:४८ ला कॅप्टन उठले, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गेले. मी आधीच्या नोंदीवर रेघ मारली, आद्याक्षरे घातली आणि खाली तीच वाक्ये पुन्हा लिहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजच्यासारखी सही केली.

या गोष्टीत कोणी बुडाले नाही. त्या तीन मिनिटांत कोणाची हाकही आली नाही, म्हणजे माझी आगाऊ नोंद शब्दशः खरीच ठरली. म्हणूनच ती सात मिनिटांच्या भाषणात घालता येत नाही. तिला ना शेवट आहे ना पराक्रम. पण मला ती अजून टोचते, आणि मी पुढे ज्या कामावर पोट भरले त्यात मला कामावर ठेवणाऱ्यांनी माझ्यात काही पाहिले असेल तर ते त्या रात्रीनंतरचेच आहे. न केलेल्या कामाची नोंद करण्याची सवय ही अगदी छोट्या, निरुपद्रवी, बहुतेक वेळा खऱ्या ठरणाऱ्या नोंदींपासून लागते. तू ज्या क्षेत्रात जाऊ पाहतोस तिथे लॉगबुक नसेल, पण चाचणी घेतल्याची खूण असेल, वाचल्याची सही असेल, तपासल्याची तारीख असेल. पहिल्या वर्षी तुला कोणीतरी वडीलधारेपणाने सांगेल की हे सगळे असेच भरायचे असते.

त्या खोलीने आणखी एक गोष्ट शिकवली, ती ओझरती सांगतो. खलाशांच्या घरच्या तारा माझ्या हातातून जात. कोणाला मुलगा झाला, कोणाचे वडील गेले, हे त्याच्या आधी मला कळे. संदेशांची गुप्तता पाळण्याची आमच्यावर कायदेशीर जबाबदारी होती. कॅप्टन योग्य वेळ पाहून ती तार देईपर्यंत, कधी तास-दोन तास, त्याच माणसासमोर बसून इकडचे तिकडचे बोलावे लागे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नसे. असे काही अंगवळणी पडले, असे मी म्हणणार नाही. (या तारांचा आंतरराष्ट्रीय हिशेब सुवर्ण फ्रँकमध्ये होई, म्हणजे कोणाच्याही खिशात नसलेल्या नाण्यात, त्याचे तक्ते भरणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत कंटाळवाणा भाग होता.)

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. १९८८ साली समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली आणि जीएमडीएसएस ही जहाजांच्या संकटसंदेशांची नवी व्यवस्था मान्य झाली: उपग्रह, आपोआप संकटसंदेश पाठवणारी उपकरणे, झाकण उचलून दाबायचे लाल बटण. ती १ फेब्रुवारी १९९२ पासून टप्प्याटप्प्याने लागू होणार होती आणि १ फेब्रुवारी १९९९ ला सगळ्या मोठ्या जहाजांवर पूर्ण व्हायची होती. त्यानंतर मोर्सची सक्ती राहणार नव्हती, आणि डेकवरच्या अधिकाऱ्यांनीच नव्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र घेतले की वेगळ्या रेडिओ ऑफिसरचीही गरज उरणार नव्हती. हे गुपित नव्हते. तारखेसकट छापलेले होते, आणि वाचणारे आम्हीच होतो, कारण जहाजावर येणारे असले प्रत्येक परिपत्रक आमच्याच हातून जात असे.

मी काय केले? माझा हात चांगला होता. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात ओळखू येतो, जसे अक्षर ओळखू येते. कोस्ट स्टेशनवरचे लोक माझे जहाज बदलले तरी दोन वाक्यांत मला ओळखत आणि नमस्कार करत. अशा माणसाला हे सगळे बंद होणार, हे कळते पण वळत नाही. उपग्रह महाग आहेत, छोट्या कंपन्या सवलत मागतील, तारीख पुढे ढकलतील, अशी कारणे आम्ही एकमेकांना त्याच लहरींवरून पुरवत होतो. माझ्या ओळखीचा एक सहकारी होता, त्याला मोर्स कधीच नीट जमले नाही. परीक्षा कशीबशी काठावर पार केलेली, आणि कोस्ट स्टेशनवाले त्याला कंटाळायचे. तो १९९१ मध्येच जहाजावरच्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचे प्रशिक्षण घेऊन मोकळा झाला. आम्ही त्याची थट्टा केली. आमच्यात सर्वांत आधी तो सावरला, आणि सर्वांत शेवटी, धडपडत, आम्ही उत्तम हातवाले.

यावरून मी एक आडाखा बांधला आहे, तो तुला पटतो का पाहा. काम शिळे होण्याचा धोका त्यात कच्च्या असलेल्यांना लवकर जाणवतो, कारण त्यांना तसेही तिथे सुख नसते. जो पक्का असतो त्याला रोज शाबासकी मिळत असते आणि त्या शाबासकीच्या आवाजात दुबळी सूचना बुडून जाते. तू हुशार आहेस, हे तुझ्या पत्रावरून दिसते. म्हणून ही भीती मला तुझ्याबाबतीत जास्त वाटते. ज्या दिवशी तुझ्या एखाद्या कौशल्याचे चारचौघांत कौतुक होऊ लागेल, त्या वर्षापासून दर वर्षी एकदा, कौतुक करणाऱ्यांपासून दूर बसून, स्वतःला विचारत जा की हे काम माझ्याशिवाय करायचे ठरवले तर ते लोक कसे करतील. मला हा प्रश्न १९९२ साली विचारता आला असता. उत्तर परिपत्रकात छापलेलेच होते.

डिसेंबर १९९८ मध्ये मी शेवटच्या जहाजावरून उतरलो. उतरताना येणाऱ्या माणसासाठी टिपण लिहायची रीत असते: कोणता रिसीव्हर लवकर तापतो, एरियलच्या कोणत्या इन्सुलेटरवर मीठ साचते आणि गोड्या पाण्याने कधी धुवावे लागते, बॅटरीच्या कोणत्या सेलवर लक्ष ठेवायचे. मी अडीच पाने लिहिली, आणि मग लक्षात आले की येणारा माणूसच नाही. सेकंड ऑफिसरला ती दिली. त्याने सौजन्याने घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली. पुढची दोन वर्षे मी घरी होतो. मेळाव्यात मी ‘मग नवे काम शिकलो’ असे म्हणालो, त्यातल्या ‘मग’ या शब्दात ही दोन वर्षे बसवली आहेत. त्या काळात घर तुझ्या काकूच्या पगारावर चालले, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी मी पेन धरून बसे, आणि ज्या कंपनीत चौदा वर्षे काढली तिथे भेटायला गेलो तर बाहेरच्या बाकावरून परत येई. २००० साली ब्रिटनचे पोर्टिसहेड रेडिओ हे नावाजलेले कोस्ट स्टेशनही बंद झाले. ती बातमी वाचून मी दिवसभर कोणाशी बोललो नाही, आणि तुझी काकू मला पहिल्यांदाच रागावून म्हणाली की, ते स्टेशन तुझे शेजारी नव्हते. तिचे म्हणणे बरोबर होते.

शेवटी मी त्याच काठावर पास झालेल्या सहकाऱ्याला फोन केला. तो फोन करायला मला दोन वर्षे लागली, असेही तू समजू शकतोस. त्याने मला जहाजांची रेडिओ यंत्रणा दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली, मदतनीस म्हणून लावून दिले. तिथे मला प्रथम कळले की माझ्यातले काय गेले आणि काय उरले. मोर्सचा हात गेला. त्याची कोणी चौकशीही केली नाही. उरले ते मी कौशल्यात धरलेलेच नव्हते. बिघाड शोधताना संदेशाची वाट मधोमध तोडून पाहायची, तिथे संदेश पोचत असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. ही रीत मी जहाजावर व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या रेडिओ यंत्रांवर शिकलो होतो आणि ती उपग्रहाच्या यंत्रावर तशीच्या तशी चालली. राखीव बॅटरीचे व्होल्टेज रोज पाहायचे, हायड्रोमीटरने आम्लाची घनता मोजायची आणि आकडा जसा दिसेल तसा लिहायचा, हेही उरले. नव्या मुलांना यंत्र माझ्याहून चांगले कळत होते, पण बॅटरी शंभरातल्या एका दिवसासाठी असते, हे त्यांच्या अंगात मुरलेले नव्हते. आजही तपासणीत मला सर्वांत जास्त सापडतात ते असेच दोष: मुदत संपलेली बॅटरी, रंगाच्या थरांनी चिकटून बसलेला ईपर्ब, म्हणजे उपग्रहाकडे संकटसंदेश पाठवणारे उपकरण, ज्याने जहाज बुडताना आपोआप सुटून वर तरंगायचे असते. आणि एक गंमत: बचाव नौकेतला सार्ट, म्हणजे शोधणाऱ्यांना नौकेची जागा दाखवणारे उपकरण, जवळच्या जहाजाच्या रडारवर ओळीने बारा ठिपके उमटवतो. आमच्या जुन्या ऑटो अलार्मचेही डॅश बाराच होते. या दोघांचा काही संबंध असेल असे नाही, तरी पहिल्यांदा ते ठिपके पडद्यावर पाहिले तेव्हा मला बरे वाटले.

तू दोन अभ्यासक्रमांची माहितीपत्रके पाठवली आहेस आणि कोणता जास्त टिकेल, असे विचारतोस. टिकण्याचा अंदाज मला करता येणार नाही. ज्याने स्वतःच्या कामाची छापील तारीख सात वर्षे वाचूनही मानली नाही, त्याच्या भाकितावर तू विसंबू नयेस. पण दोन्ही पत्रके वाचून माझा कल दुसऱ्याकडे आहे. पहिल्याचे नाव मोठे आहे आणि त्यात तीन वर्षे जवळजवळ सगळे वर्गात बसून ऐकायचे आहे. दुसऱ्यात दुसऱ्या सहामाहीपासून तुला प्रत्यक्ष यंत्राला हात लावावा लागेल, आणि हात चुकला तर ते त्याच संध्याकाळी कळेल. माझ्यातले जे उरले ते सगळे अशाच संध्याकाळी शिकलेले आहे. शिवाय तिथले शिक्षक पूर्वी काय करत होते, ते पत्रकात दिलेले आहे. प्रवेशाआधी जाऊन त्यांपैकी एकाला भेट आणि त्यांना यशाबद्दल काही विचारू नकोस. त्यांच्या नोकऱ्यांच्या यादीत वर्षे कुठे तुटतात ते पाहा आणि त्या मधल्या काळात ते काय करत होते, तेवढे नम्रपणे विचार. जो सांगेल त्याच्याकडे शिकायला हरकत नाही. वडिलांनाही विचारून पाहा. त्यांच्याही सात मिनिटांत एक ‘मग’ होता. तो त्यांनी सांगायचा, मी नव्हे.

पुढच्या महिन्यात एका मालवाहू जहाजाची वार्षिक रेडिओ तपासणी माझ्याकडे येण्याची शक्यता आहे. यायचे असेल तर ओळखपत्राची प्रत मला आठ दिवस आधी पाठव, कारण २००४ पासून बंदराच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आहेत आणि नाव आधी दिल्याशिवाय गेटमधून सोडत नाहीत. जाड तळव्याचे, पुढून बंद असलेले बूट घाल. गँगवे, म्हणजे जहाजावर चढायची शिडी, ओला असतो आणि उतार तीव्र असतो. वर गेल्यावर बॅटरीची खोली उघडून तुला हायड्रोमीटर हातात देईन. आकडा तू वाचायचास आणि तूच लिहायचास. लिहिण्याआधी मी तो पाहणार नाही.

तुझा,
वडिलांच्या शेजारच्या बाकावरचा काका